पुढे कोणीतरी चाललंय

१

निगुडवाडीची घरं उसात विखुरलेली. एका मळ्यातून ओरडलं तर दुसऱ्या मळ्यात ऐकू जाईल अशी सोय नव्हती, म्हणून गावाने सुरक्षेसाठी एक नंबर घेतला होता. त्या नंबरावर कोणी बोललं की गावातले सगळे नोंदलेले फोन एकदम वाजत आणि उचलणाऱ्याच्या कानात बोलणाऱ्याचा आवाज जसाच्या तसा पडे. गाव त्याला हाक म्हणे. बिबट्या दिसला, गंजीला आग लागली, म्हैस विहिरीत पडली की हाक येई. लोक फोन कानाला लावत, ऐकत, खिशात ठेवत आणि निघत. निघण्याची सवय गावाला चांगली होती.

कार्तिकातल्या एका दुपारी साळूबाईची हाक आली. मुलगा वीरधवल सैन्यात, सून सृष्टी बाजाराला गेलेली. म्हातारी मळ्यातल्या घरात एकटीच होती. "मी साळूबाई. घरात मानसं शिरल्यात. लवकर या, बाबांनो." एवढंच. फोन सगळ्यांचे वाजले, आवाज सगळ्यांनी ओळखला आणि लोक निघालेही. पोहोचलं मात्र कोणीच नाही. संध्याकाळी सृष्टी परतली तेव्हा सासू चुलीजवळ पडलेली होती आणि चुलीवरचं कालवण करपून गेलं होतं.

चोरीसाठी शिरलेल्या तिघांपैकी दोघे आठवड्याभरात सापडले. तिसरा फरार राहिला. खून कोणी केला हा प्रश्न त्यामुळे फारसा शिल्लक नव्हता. शिल्लक होता तो दुसराच प्रश्न, आणि तपास करणाऱ्या पोलीस उपनिरीक्षक मुबश्शिरा मुलाणी यांना तो एखाद्या न जुळणाऱ्या बेरजेसारखा खुपत होता. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या मते म्हातारी लगेच गेली नव्हती. गाव चालत येऊन पोहोचेल इतका वेळ ती जिवंत होती.

२

मुबश्शिरा मिरजेची, तंतुवाद्यं बनवणाऱ्या घरातली. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून ती पोलिसात आली होती. माणसं खोटं बोलतात याचं तिला वाईट वाटत नसे; खोट्यालाही स्वतःची एक रीत असते आणि ती शोधता येते, असा तिचा अनुभव होता. निगुडवाडीत ती हवालदार पाटोळे यांना बरोबर घेऊन गेली.

गावातले लालासाहेब सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पडवीत खुर्च्या मांडल्या.

"आनि हवालदार, तुमचं नाव काय म्हनाला?"

"गुंडा पाटोळे."

"गुंडा. आनि पोलिसात."

"नाव आईनं दिलं, पगार सरकारनं," पाटोळे म्हणाले. हे उत्तर त्यांनी नोकरीभर वापरलं होतं.

"हाक आली तेव्हा तुम्ही निघालात?" मुबश्शिराने विचारलं.

"निघालो की. काठी घेतली, बांधावरची वाट धरली. पन पुढं रसूल चालला व्हता. पाठ दिसली त्याची. म्हटलं, जवान गडी हाय, पोचतोय. माझा गुडघा हा असा." ते गुडघ्याकडे पाहत राहिले. "मग वळलो."

रसूलचं वेल्डिंगचं दुकान फाट्याजवळ होतं. त्याने डोळ्यांवरची काच वर केली. "मी पाटाच्या वाटेनं गेलो, मॅडम. मशीन चालूच ठेवून. पन पुढं सुभेदार व्हते. लढाई बघितलेला मानूस पुढं चाललाय म्हटल्यावर मी काय वेगळं करनार व्हतो?"

गाडीवाटेने निघालेली अंबूबाई म्हणाली, "माझ्या पुढं पोलीस चालला व्हता."

"अंगावर गणवेश होता?"

"गनवेश कशाला पायजे? चालीवरनं कळतं की, आवं. पोलिसाला कवा घाई असती?"

पाटोळे खोकले.

मुबश्शिराने आणखी बऱ्याच जणांना विचारलं. प्रत्येकाने एक पाठ पाहिली होती, आणि ती पाठ आपल्यापेक्षा लायक माणसाची आहे असं प्रत्येकाला वाटलं होतं. कट करून रचलेलं खोटं असतं तर सगळ्यांनी एकच नाव घेतलं असतं. ज्याचं त्याने रचलेलं असतं तर सबबी निरनिराळ्या निघाल्या असत्या. इथे सबब एक होती आणि नावं निराळी. खोट्याची ही रीत तिच्या ओळखीची नव्हती.

गावातून निघताना तिने पुन्हा लालासाहेबांना गाठून विचारलं, "रसूल वाटला, तर त्याला हाक का नाही मारलीत?"

म्हातारा अगदी सरळ म्हणाला, "हाक मारली असती तर त्यो थांबला असता, मॅडम. मग मला जावं लागलं असतं."

३

धाकटा आरोपी कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. गुन्हा त्याने कबूल केलेला होता आणि आता बोलण्यात त्याला हलकं वाटत असावं.

"तिनं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही पळाला का नाहीत?"

"पळतच व्हतो. चपला घातलेल्या आमी. तेवढ्यात एक मानूस दारात आला."

मुबश्शिराने मान वर केली. हे आधीच्या जबाबात नव्हतं.

"कोण?"

"काय म्हाईत. उजेड मागनं येत व्हता. तोंड दिसंना."

"काय म्हणाला?"

"काय न्हाई. उभा राहिला. आमाला वाटलं, मेलो आता. पन त्यो काय करंनाच. नुसता उभा." त्याने जमिनीवरची बोटं गोळा केली. "मग आमच्या ध्यानात आलं, ह्यो काय करत न्हाई म्हंजे आता दुसरं कोन येत न्हाई."

"आणि साळूबाई?"

"म्हातारी त्याला हाका मारत व्हती."

"कोणत्या नावानं?"

"सगळ्या," आरोपी म्हणाला. "एका नावाला वळंना, की दुसरं नाव घ्यायची. अख्ख्या गावाची नावं घेतली तिनं."

मुबश्शिराने हे लिहून घेतलं. अपराधी आपला भार कोणावर तरी टाकायला बघतो, हे तिला ठाऊक होतं. कोठडीबाहेर पाटोळे म्हणाले, "बनाव हाय, मॅडम." ती होय म्हणाली. दोघांनी चहा घेतला. तिचा चहा तसाच निवला.

४

ऊस उभा असेतो तीनही वाटा तपासून पाहायच्या असं तिने ठरवलं. कारखान्याची तोड निगुडवाडीला अजून आली नव्हती. गाडीवाटेने दोघं आधीच जाऊन आली होती. आता पाटोळे पाटाच्या वाटेने निघाले, ती बांधावरून. दोन्हीकडे माथ्याच्या वर गेलेला ऊस, पात्यांची सळसळ, आणि समोर तेवढीच अरुंद पट्टी. पाटोळे मुद्दाम खोकत, शीळ घालत चालले होते. तिला ते दिसले नाहीत, त्यातलं काही ऐकूही आलं नाही. दोघांची गाठ पडली ती थेट साळूबाईच्या अंगणात. तिन्ही वाटा तिथे येईपर्यंत एकमेकींना कुठेच भेटत नव्हत्या. एक माणूस तिन्ही वाटांवर असणं शक्य नव्हतं. तीन माणसं असती, तर ती तिघं अंगणात पोहोचायला हवी होती.

सृष्टी म्हशींना वैरण टाकत होती. वीरधवल दिवसकार्य उरकून पुन्हा सीमेवर गेला होता. मुबश्शिरा घरात शिरली आणि चुलीपाशी, जिथे म्हातारी पडली होती तिथे, उकिडवी बसली. तिने पाटोळ्यांना उंबऱ्यात उभं राहायला सांगितलं. दार ठेंगणं होतं. उजेड त्यांच्या पाठीमागून आला आणि चेहऱ्याच्या जागी काळं झालं. आरोपी एवढ्यापुरतं तरी खरं बोलला होता.

"झालं का मॅडम? मला कसंतरी हुतंय," पाटोळे उंबऱ्यातून म्हणाले.

सृष्टीने चहा टाकला. चाचरत बोलण्याचा तिचा स्वभाव नव्हता. "तिसरा मीच बघितलाय. बाजारला जाताना फाट्यावर मोटारसायकलजवळ उभा व्हता. बाकी कुनी त्याचं तोंड बघितलेलं न्हाई. त्यालाबी ठाव हाय ते."

"तो सापडेपर्यंत माहेरी जा."

"म्हशी कुठं नेऊ? आनि तोड आली म्हंजे? ऊस वाळला तर कारखाना थांबनार हाय व्हय?"

मुबश्शिराचं बंदोबस्तासाठी वरिष्ठांना विचारून झालं होतं. मनुष्यबळ नाही असं उत्तर आलं होतं, आणि गावात यंत्रणा आहेच की, असंही.

"परत हाक मारायची पाळी आली," सृष्टीने कपबशी खाली ठेवत विचारलं, "तर कोन येईल?"

"मी येईन," मुबश्शिरा म्हणाली.

नियमात न बसणारं असं आश्वासन तिने आजवर कोणाला दिलं नव्हतं. तिने स्वतःचा फोन गावाच्या हाकेत नोंदवला आणि जमेल तेव्हा निगुडवाडीकडून जाऊ लागली.

५

पौषात तिने सोसायटीच्या हॉलमध्ये सभा बोलावली. सतरंजीवर बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. तिने कोणालाही दोष दिला नाही. हाक सगळ्यांना ऐकू जाते म्हणून ती आपली एकट्याची वाटत नाही, हे तिने उदाहरणं देऊन समजावलं. कोणी कोणत्या वाटेने निघायचं ते ठरवून दिलं.

"आणि एक पक्कं ध्यानात ठेवा," ती म्हणाली. "पुढे कोणी दिसलं तरी वळायचं नाही. तो कोणी का असेना."

"पोलीस असला तरीबी?" अंबूबाईने विचारलं, आणि हॉलभर हसू पसरलं.

"पोलीस असला तरी."

हसणं विरलं नव्हतं तोच फोन वाजले. एक वाजला आणि त्याच्या पाठोपाठ हॉलमधला प्रत्येक फोन. खिशात, पिशवीत, कमरेला, तिच्या हातात. ज्यांनी उचलले त्यांच्या फोनमधून एकच आवाज बाहेर पडू लागला. पण तो एकदम निघत नव्हता. कुठे अर्धा शब्द पुढे, कुठे मागे. सतारीच्या बेसूर लावलेल्या तरफांसारखे ते शब्द हॉलभर झणझणत राहिले.

"मी सृष्टी. त्यो आलाय. मागच्या दारात हाय. या."

सगळे उठले. लालासाहेबांनी काठी घेतली आणि ते बांधाकडे वळले, रसूल पाटाकडे धावला. ठरलं होतं तसंच, चुकारपणा न करता, माणसं तिन्ही वाटांना लागली. मुबश्शिरा आणि पाटोळे जीपमधून गाडीवाटेला आले, तर तोंडाशीच उसाची ट्रॉली फसलेली. दोघं उतरून पळू लागले. पाटोळे वयामुळे मागे पडले. त्यांच्या बुटांचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता.

६

वळणानंतर ऊस जवळ आला. ती पळत होती, पात्यांनी हात कापत होते आणि स्वतःच्या श्वासाखेरीज तिला काही ऐकू येत नव्हतं. पुढच्या वळणाशी खाकी पाठ दिसली.

बाईची पाठ होती ती. अंबाडा, खाकी शर्ट, कमरेचा पट्टा. ती पळत नव्हती, ठाम चालत होती. आपल्याला उशीर झाला आहे पण आपलं कोणीतरी वेळेवर पोहोचतंय, हे मुबश्शिराला कळलं आणि तिच्या छातीतली गाठ सैल झाली. ते बरं वाटणं इतकं खोल होतं की त्यात भीतीचा अंशही नव्हता. उन्हातून येऊन पाणी प्यावं तसं होतं. वरिष्ठांनी अखेर महिला शिपाई पाठवली तर. बरं झालं. ठाण्यात कोणाकोणाची नेमणूक आहे ते तिने आठवून पाहिलं. हे आठवताना ती चालत होती, पळत नव्हती.

ठाण्यात तिच्याखेरीज दुसरी बाई नव्हती.

तिच्यातल्या नेमक्या, चिकित्सक भागाने हे वाक्य नीट ऐकलं, आणि तरीही पाय आणखी काही पावलं त्याच संथ गतीने पडले. तिने हाक मारायला तोंड उघडलं. मारली नाही. मग लालासाहेबांचं बोलणं तिला अर्थासकट कळलं आणि ती धावली.

पाठ वळणाआड गेली. मुबश्शिरा अंगणात पोहोचली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. म्हशी दावणीला ताठ उभ्या होत्या. पुढचं दार सताड उघडं होतं, मागचंही. आत सृष्टी भिंतीला धरून बसली होती आणि तिने पोटावर दाबलेल्या पदरातून रक्त येत होतं. मागच्या बाजूला उसात कोणीतरी धसमुसळत दूर जात होतं. त्याच्यामागे जायचं की नाही हा प्रश्न मुबश्शिराला पडला नाही. जखमेवर हात दाबून ती माणसांना हाका मारत राहिली.

अंगणात उघडणाऱ्या तिन्ही वाटा रिकाम्या होत्या.

७

तिसरा दुसऱ्या दिवशी सांगलीच्या स्टँडवर सापडला. सृष्टी वाचली. मिरजेच्या दवाखान्यात दोन दिवसांनी डॉक्टरांनी जबाबाची परवानगी दिली, त्याआधी मुबश्शिराने निगुडवाडीला जाऊन विचारून घेतलं होतं. विचारायला फार काही नव्हतं.

"तुमीच पुढं व्हता की," लालासाहेब म्हणाले. "बांधावरनं."

"पाटानं," रसूल म्हणाला, आणि मग खाली बघून, "तुमी सांगितलेलं ध्यानात व्हतं, मॅडम. पन तुमी स्वतः चाललेल्या."

पाटोळ्यांनी न विचारताच सांगितलं. "ट्रॉलीच्या पुढच्या वळनावर मी दम खायला थांबलो. तुमी दारात पोचलेल्या दिसला. म्हटलं, पोचल्या."

"त्या वळणावरून दार दिसत नाही, पाटोळे."

"न्हाई," पाटोळे म्हणाले. "ते मलाबी मागनं कळलं."

आता दवाखान्यात ते सृष्टीच्या पलंगाच्या पायथ्याशी कागद मांडीवर घेऊन बसले होते. मुबश्शिरा उशाशी. खोलीत औषधांचा वास होता आणि पंखा एका ठराविक जागी येऊन कुरकुरत होता. सृष्टी छताकडे बघत बोलत होती. मोटारसायकलचा आवाज, मागचं दार, तो काय म्हणाला, चाकू कोणत्या हातात होता. सगळं स्वच्छ, क्रमाने. मग ती थांबली.

"पुढे?" मुबश्शिराने विचारलं.

"पुढं तुमी आला."

"धावत आले. तेव्हा तो पळाला होता."

"ते दुसऱ्यांदा," सृष्टी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्याआधी येऊन दारात उभ्या राहिला व्हता. त्यो घाबरला. चाकू खाली केला त्यानं. मी म्हटलं, मॅडम. तुमी नुसत्या उभ्या. मी परत हाक मारली. मग त्यानं तुमच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आनि मारलं."

पंखा कुरकुरला. पाटोळ्यांचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं.

"माझा चेहरा दिसला?"

"उजेड मागनं व्हता." सृष्टीने पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "पन तुमीच व्हता. येईन म्हनाला व्हता ना."

मुबश्शिराने वाटेवरची ती संथ पावलं आठवली. ती किती होती हे तिला सांगता आलं नसतं. सरळ धावत गेली असती तर कधी पोहोचली असती, हेही नाही. दारात आपण उभं राहिलो नाही, इतकं तिला निश्चित माहीत होतं. पण आपण पाटाच्या वाटेवर नव्हतो हे लालासाहेबांनाही तितकंच निश्चित माहीत होतं, आणि आपण बांधावर नव्हतो हे रसूललाही.

"मॅडम," पाटोळे हळूच म्हणाले, "हे लिहू?"

"लिहा. ती सांगते तसंच, शब्द न बदलता. खाली माझा हुद्दा घाला."

पेन कागदावर चालू लागलं. सृष्टीने डोळे मिटले. चादरीवर, पोटाच्या जागी, एक लाल ठिपका उगवला होता. मुबश्शिरा पाहत असतानाच तो बशीएवढा झाला. पलंगाजवळची बेल तिने दाबली. ती वाजली नाही. तिने दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरली.

"पाटोळे, सिस्टरला बोलवा. लवकर."

पाटोळे तत्परतेने उठले, दारापर्यंत गेले, बाहेर वाकून पाहिलं, परत येऊन बसले आणि त्यांनी पेन उचललं.

"काय झालं?"

"चाललंय की कुनीतरी," ते म्हणाले. "पुढं चाललंय. सिस्टरलाच बोलवाय."

स्वतःचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागला. पोहोचलं तेव्हा पेन त्यांच्या हातातून सुटलं, पण त्यांना उठता मात्र येईना. माणूस थंडीत आखडावा तसे ते खुर्चीत आखडले होते.

"हात द्या इथे," ती म्हणाली. "दोन्ही. दाबून धरा. सोडायचं नाही." त्यांचे हात धरून तिने पट्टीवर ठेवले आणि ती उठली.

बाहेरचा व्हरांडा लांब होता आणि दुपारच्या उन्हाने भरलेला होता. टोकाशी काहीतरी खाकी हललं. तिने तत्क्षणी नजर फरशीवर टाकली आणि पळू लागली. पुढे पावलं वाजत होती. ती तिच्याच लयीत पडत होती, तिच्याच वजनाची होती. तिने वेग वाढवला तेव्हा त्यांनीही वाढवला. छातीतलं काहीतरी सैल होऊ बघत होतं आणि ती ते होऊ देत नव्हती. तिने खाली बघतच सिस्टरना हाक मारली, मोठ्याने, पुन्हापुन्हा.

पुढची पावलं थांबली.

ती थांबली नाही.